अर्धं बोट पाणी

“जिजी, तुम्हीच बोट लावून बघा. माझ्या बोलण्यावर तुमचा इस्वास न्हाई बसायचा,” इक्बाल म्हणाला.

मी काष्टा आवळला आणि हौदाच्या दुसऱ्या पायरीवर उतरले. पायरीवर निळी प्लास्टिकची बादली होती, हलू नये म्हणून आत धोंडा घातलेला. आदल्या दिवशी याच वेळेला इक्बालनं हौदातलंच पाणी तिच्यात भरलं होतं आणि खिळ्यानं बादलीला दोन रेघा ओढल्या होत्या. आतली रेघ बादलीतल्या पाण्याची, बाहेरची हौदातल्या पाण्याची. मी बोट लावलं. बादलीत पाणी रेघेखाली अर्धं बोट उतरलं होतं. हौदात चार बोटं.

“ऊन दोघांना सारखंच, वारं सारखंच,” इक्बाल म्हणाला. “उनानं खाल्लं ते अर्धं बोट. राहिलेलं साडेतीन कुठं गेलं?”

“ते सांगायला तर तुला मिरजेहून बोलावलाय. मला काय इचारतोस?”

तो हसला नाही. हौदांची कामं करणारा, माणूस कामाचा. त्यानं फरशीच्या फटीफटीशी कपड्याची नीळ सोडून बघितली होती. गळती असली तर निळीची रेघ फटीत ओढली जाते. नीळ जिथल्या तिथं पसरली.

“हौद गळत न्हाई, जिजी. खालचा वाल कुणीतरी उघडतंय.”

मी वर व्हरांड्याकडं बघितलं. मालक खुर्चीत बसले होते. उजवा हात मांडीवर पडलेला, डावा खुर्चीच्या दांड्यावर. आमच्याकडंच बघत होते. मी ओरडून सांगितलं, “ऐकलं का? चोर हाय घरात!”

त्यांना बोलायला वेळच लागायचा, आणि मला थांबायची सवय नव्हती.

आमचं गाव विट्याच्या पुढं माळावर. पाऊस पडतो तेव्हा पडतो. म्हणून तर आमच्या भागातली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पांगली. मालक तेराव्या वर्षी गावातून गेले ते कोईमतूरला. भट्टीपुढं, तेजाबाच्या धुरात चाळीस वर्षं काढली. त्या तेजाबानं डाव्या हाताची करंगळी खाल्ली, ती मुळापासून काढावी लागली. पण गेले ते रंग्या म्हणून आणि परत आले ते रंगरावशेठ म्हणून. गावात बंगला बांधला. मुलगा प्रल्हाद धंदा बघायचा, त्यानं हौसेनं अंगणात पोहायचा हौद बांधला. खाली सगळा खडक. सुरुंग लावूनही कमरेपेक्षा खोल जाईना, म्हणून अर्धा हौद जमिनीवर आला, कट्टा बांधल्यासारखा. तोंडातून पाणी सोडणारा एक सिंहसुद्धा त्याच्या काठावर बसवला. गाव हसलं. मी म्हटलं, हसू दे, ज्यांच्या दारात डबकं नाही त्यांना हसायलाच येतं.

मग त्याच वर्षी पौषात मालकांची उजवी बाजू गेली. वाचाही निम्मी गेली. सांगलीचा डॉक्टर म्हणाला, पाण्यात उभं करा, पाण्यात अंग हलकं होतं, पाय आठवण धरतील. तेव्हापासून तो हौद हौसेचा राहिला नाही.

गावाला मात्र मी हे सांगितलं नाही. “शेठांचा गुडघा दुखतोय” एवढंच. अर्धांगवायू म्हटलं की लोक बघायला येतात, च्‌च्‌ करतात, चहा पिऊन जातात आणि वाटेत बोलतात. रंगरावशेठाकडं कुणी कीव करून बघावं हे मला खपणारं नव्हतं. आणि दुसरं एक होतं. चैत्रात आमच्या भैरोबाची जत्रा. पालखी दारोदार थांबते आणि घरचा कर्ता पालखीचा दांडा खांद्यावर घेऊन पाच पावलं चालतो. आमच्या भावकीत पहिला मान आमच्या दाराचा. कर्ता उभा राहिला नाही तर मान चुलत घरात जातो, आणि गेलेला मान परत येत नाही. मी मनाशी ठरवून टाकलं होतं, चैत्रात हा माणूस दारात उभा राहील.

रोज सकाळी उजाडलं की मी नऊवारी नेसून त्यांच्याबरोबर हौदात उतरायची. पोहता कुणाला येतंय? छातीएवढं पाणी. त्यांचा डावा हात माझ्या खांद्यावर, माझा हात त्यांच्या कमरेला. “उचला. टेका. उचला.” लग्नाला बेचाळीस वर्षं झाली होती. चारचौघांत आम्ही कधी एका बाकावर बसलो नव्हतो, आणि आता उघड्यावर पाण्यात मिठी मारून उभे. पहिल्या दिवशी मला लाज वाटली. दुसऱ्या दिवसापासून नाही वाटली.

त्यात ते साल कोरडं. फाल्गुनातच गावची विहीर तळाला गेली. सरकारी टँकर दोन दिवसांआड. आमचं पाणी मी बाहेरून विकतचं आणवत होते, तेही वीस कोसांवरून. टँकर दारात लागला की खालच्या वस्तीतल्या बाया कुंपणाबाहेर उभ्या राहून बघायच्या. बोलायच्या नाहीत. ते बघणंच बोलण्यासारखं. म्हणून हौदाचा कारभार मी हातात घेतला. तिसरी शिकलेली बाई, पण पाणी कसं राखायचं ते मला पुस्तकातनं शिकायची गरज नव्हती. सिंहाचं तोंड पहिल्यांदा बंद केलं, उडणारं पाणी वारं पिऊन टाकतं. हौद काठोकाठ भरायचा तो छातीपुरताच भरायला लावला. प्रल्हादनं पाठवलेला बुडबुड्यांचा प्लास्टिक पडदा आम्ही बाहेर आलो की लगेच पाण्यावर पसरायचा. रांजणाच्या तोंडाला आपण फडकं बांधतो, तसंच. त्यानं पाणी उडतही नाही आणि उन्हानं कोमटही राहतं, तापवायचं यंत्र चालवायला नको. पश्चिमेच्या वाऱ्याला हिरवी जाळी बांधली. मोटार दिवसभर घुमायची ती सकाळी चार तासांवर आणली. फिल्टरची वाळू इक्बाल आठवड्याला धुवायचा. मी म्हटलं, दाबाचा काटा तांबड्यावर गेल्याशिवाय धुवायची नाही, आणि धुतलेलं पाणी शेवग्याला आणि कढीपत्त्याला. इक्बाल म्हणाला होता, “जिजी, तुम्ही माझ्याच पोटावर पाय देताय.”

एवढं करून पाणी उतरत होतं. पडदा घातला तरी रोज तीन-साडेतीन बोटं. म्हणून ती बादलीची परीक्षा.

इक्बाल कुंपणाबाहेर जाऊन बघून आला. हौदाच्या तळाचं पाणी सोडायचा पाइप मोटारीच्या खोलीतून निघतो आणि कुंपणाच्या पलीकडं ओघळीत उघडतो. वाल फिरवला की पाणी आपसूक उतारानं जातं, मोटार लावावी लागत नाही, आवाजही होत नाही.

“पाइपाखाली चिखल हाय. घागरी टेकल्याच्या खळ्याबी हायत,” तो म्हणाला.

मी मोटारीच्या खोलीकडं गेले. व्हरांड्यापासून तिथपर्यंत पांढऱ्या चुन्याची भिंत आहे. भिंतीवर कमरेच्या वर, हाताच्या अंतरानं, तेलकट डाग. पंजेच पंजे. खोलीच्या दाराच्या चौकटीवर तेल. वालच्या चाकीवर तेल. मी वास घेतला. नारायण तेल.

नारायण तेल आमच्या घरात एकाच माणसाच्या हाताला असायचं. सुंदराच्या. ती दुपारी मालकांचे हातपाय चोळायची आणि मी तेवढा वेळ आडवी व्हायची. सुंदरा खालच्या वस्तीतली, नवरा गेलेली, सहा वर्षं माझ्या घरात. तिची नणंद, जावा सगळ्या त्या कुंपणाबाहेर उभ्या राहणाऱ्या बायांतल्या.

मी तिला अंगणात बोलावलं. मुद्दाम अंगणात. खोलीत बोलले असते तर माणसासारखं बोलणं झालं असतं.

“सुंदरा, तेल लावून झाल्यावर हात पुसतेस का भिंतीला?”

तिनं भिंतीकडं बघितलं, मग व्हरांड्याकडं बघितलं. “न्हाई, जिजी.”

“मग ही काय माझी सासू येऊन गेली?”

तिनं पुन्हा व्हरांड्याकडं बघितलं.

“दुपारी मी डोळा लावते आणि तू माझा वाल सोडतेस. मी त्या पाण्यात रोज कुणाला उभं करते ते तुला म्हाईत न्हाई? पाणी छातीखाली गेलं तर त्यांचा तोल जातो, म्हाईत न्हाई?”

“म्हाईत हाय.”

“तरी?”

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला ते बघून जास्तच चढलं. माझ्याकडं पाणी साठवून ठेवायला जागा होती, हिच्याकडं डोळ्यांतनं सांडायला होतं.

“जिजी, मला काढायचं तर काढा,” ती म्हणाली. “पर दुपारचं तेवढं शेठजींपाशी कुणीतरी ऱ्हाऊ द्या. दुपारचं त्यांना एकटं सोडू नगा.”

“आता तू मला माझा नवरा सांभाळायला शिकव.”

“आन् त्या भिताडाला चुना मारू नगा.”

“का? तुझ्या हातांची नक्षी घरात जपून ठेवू?”

तिनं पदरानं तोंड पुसलं. व्हरांड्याच्या पायरीपाशी जाऊन मालकांना लांबून नमस्कार केला आणि गेली. मालक खुर्चीतून पुढं वाकले होते. घशातून काहीतरी निघत होतं. मी पुढं गेले, त्यांची लाळ पुसली.

“तुम्ही मधी बोलू नका,” मी म्हटलं. “तुमच्या दयेपायीच ही माणसं शेफारलीत.”

इक्बाल जायच्या आधी मी त्याच्याकडून खोलीला कडी ठोकून घेतली, पितळेचं कुलूप लावलं, किल्ली चंचीत घातली. दुपारी मालकांना भरवायला बसले. आमटीत भाकरी कुस्करून घास केला. त्यांनी तोंड फिरवलं.

“कुलूप,” ते म्हणाले. तेवढा शब्द स्वच्छ आला.

“लावलं. आता बघते कोण उघडतंय.”

“सुं... सुंदरा... न्हाई.”

“मग कोण? भैरोबा येतोय वाल फिरवायला?”

त्यांनी डावा हात उचलला. छातीवर आपटला. “म... मी...”

मी घास त्यांच्या तोंडात घातला. ओठावरून आमटी ओघळली, ती पदरानं पुसली. “जेवा. पालखीला आठ दिवस राहिलेत. अंगात ताकद नको?”

त्यांनी घास चावला. माझ्याकडं बघत चावला, बराच वेळ. पुढं त्यांच्या नजरेचा अर्थ मी खूप वेळा लावला, पण त्या वेळी मला भाकरी संपवायची घाई होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी हौदात त्यांनी पाय उचललाच नाही. “उचला,” मी म्हणत होते. पाण्यात नुसते खांबासारखे उभे. मला वाटलं, रुसलेत. रुसणारा माणूस मी सांभाळलेला होता. संध्याकाळी प्रल्हादचा फोन आला तेव्हा मी सांगितलं, “चोर सापडला. आता एक थेंब जायचा न्हाई.”

तिसरा दिवस. इक्बालची बादली मी आदल्या दुपारीच परत लावली होती, पडदा काढून, माझी मी. दुपारी त्यांना व्हरांड्यात खुर्चीत बसवलं, पायावर चादर घातली. सुंदराच्या जागी कुणी मिळालं नव्हतं. तेल मीच लावलं, माझ्या हातानं, आणि सवयीनं आत जाऊन पडले. डोळा लागायच्या बेतात कुंपणापलीकडून भांड्यांचा आवाज आला. रिकाम्या घागरीचा आवाज वेगळा असतो. कुणी बाई म्हणाली, “आज बी न्हाई व्हय गं?” दुसरी म्हणाली, “थांब जरा, येतील.” मी मनात म्हटलं, थांबा, चांगल्या थांबा.

मग काहीतरी पडल्याचा आवाज झाला. मोठा नाही. पोतं टेकवल्यासारखा.

मी उठले नाही लगेच. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. मला वाटलं, बायांनी दगड मारला असेल जाळीवर. पाचेक मिनिटांनी उठले, बाहेर आले. पहिल्यांदा हौदाच्या पायरीवर जाऊन बादली बघितली. बादलीत रेघेखाली अर्धं बोट. हौदात अर्धं बोट. सारखं. मला इतकं बरं वाटलं की मी एकटीच हसले. मोठ्यानं म्हटलं, “बघा, मालक!” आणि खुर्चीकडं वळून बघितलं.

खुर्चीत चादर होती.

ते मोटारीच्या खोलीच्या दारात पडले होते. उजव्या कुशीवर, पाय अंगाखाली वाकडा. डावा हात वर, कुलपाला धरलेला. चार बोटं कुलपाच्या कडीत अडकलेली.

मला पहिल्यांदा कळेचना की हा माणूस इथं आला कसा. कुणी आणून टाकला? मी भिंतीकडं बघितलं. व्हरांड्यापासून दारापर्यंत जुन्या डागांत नवे ओले डाग पडले होते, आणि ते बघता बघता मला जुने दिसले. पंजा, पंजा, पंजा. प्रत्येक पंज्याला चारच बोटं. करंगळीच्या जागी स्वच्छ चुना.

त्या दिवशी चोर शोधताना मी वास घेतला होता, बोटं मोजली नव्हती.

मांडीचं हाड खुब्यातून मोडलं होतं. प्रल्हाद विमानानं आला. सांगलीला नेलं, सळई घातली. डॉक्टर म्हणाला, जीव वाचला, पण आता उभं राहणं विसरा. मालकांनी ते ऐकलं आणि डोळे मिटून घेतले. माझ्याशी ते बोलले नाहीत. बोलता येत होतं तेवढंही बोलले नाहीत.

जत्रेच्या दिवशी नैवेद्यापुरती मी गावी आले. पालखी दारात थांबली. मी ओवाळलं. पुजाऱ्यानं विचारलं, “शेठ?” मी मान हलवली. चुलत दिरानं पुढं होऊन दांडा खांद्यावर घेतला, पाच पावलं चालला. ढोल वाजले. मान गेला. मला वाटलं होतं त्याचं फार लागेल. लागायला जागाच उरली नव्हती.

पालखी पुढं गेली आणि फाटकाबाहेर सुंदरा दिसली. आत येत नव्हती.

“आत ये,” मी म्हटलं.

“हितंच बरं हाय, जिजी. शेठजी कसं हायत?”

“हायत.” मग मी विचारलं, “कधीपासनं?”

“शिमग्याच्या आधीपासनं. पयल्यांदा तीनच पावलं टाकली, मग बसले. मला म्हणाले, पाणी... त्या बायांना. खालच्या बायांचा गलका ऐकून रोज तळमळायचे. म्हणायचे, आई. लहानपणी त्यांची आई झऱ्याकाठी वाटीनं पाणी भरायची म्हणं. मग रोज दोन पावलं वाढवली. शेवटाला खोलीपर्यंत, एकोणीस. वाल सोडायचे, डबा पालथा घालून त्यावर बसायचे, वस्तीच्या सगळ्या घागरी भरल्या की बंद. येताना हौदाचा कठडा धरायचे. मी मागं दोन्ही हात पसरून चालायची. हात लावू द्यायचे न्हाईत.”

“मला सांगितलं का न्हाईस?”

“शपथ घातली व्हती. पालखीदिवशी तुमच्यापुढं चालत येणार व्हते. काठी न घेता. तुमचं तोंड बघायचं व्हतं त्यांना.”

“मी अंगणात इचारलं तेव्हा तरी बोलायचंस.”

सुंदरानं पहिल्यांदा माझ्याकडं सरळ बघितलं. “तुम्ही इचारलं कुठं, जिजी? तुम्ही तर सांगितलं.”

ती गेली. मी चंचीतून किल्ली काढली, भिंतीच्या कडेनं चालत गेले. माझी चौदा पावलं झाली. त्यांची एकोणीस म्हणजे किती बारकी असतील. कुलूप काढलं. आत रॉकेलचा डबा पालथा होता, वर फडकं घडी करून ठेवलेलं. मी चाकी फिरवली. सगळी फिरवली.

पाणी गेलं. छातीएवढं, कमरेएवढं, गुडघ्याएवढं. मी कुंपणाशी जाऊन उभी राहिले. ओघळीतून पाणी वाहत होतं आणि बाया लांब, बाभळीखाली, कडेवर रिकाम्या घागरी घेऊन उभ्या होत्या. मी हाक मारली, “या गं, भरा.” मी हाक मारलेली बघून एक बाई दोन पावलं मागं सरकली. सुंदराला कसं काढलं ते सगळ्यांना माहीत होतं. चोरीचा आळ कोण घेणार? मी परत हाक मारली. मला दुसऱ्यांदा हाक मारायची सवय नव्हती, आवाज बरोबर निघाला नाही. बाया हलल्या नाहीत. एवढं पाणी, मुरमात उतरून गेलं. अंधार पडायच्या आधी हौद कोरडा झाला.

मालक त्यानंतर दोन वर्षं अंथरुणात होते. हौद आम्ही परत भरला नाही. भिंतीला आजवर चुना लावू दिला नाही. प्रल्हाद दरवर्षी रंगाऱ्याला पाठवतो, मी फाटकातूनच परत पाठवते. म्हातारीला खूळ लागलंय म्हणतात. म्हणू देत.

बादली मात्र त्या दिवशी पायरीवरच राहिली. हौद रिकामा आणि त्यात ती एकटी भरलेली. सांगलीहून येऊन-जाऊन मी बघायची. दिवसाला अर्धं बोट याच हिशेबानं उतरलेलं असायचं, ना जास्त ना कमी. कोरडी व्हायला तिला महिना लागला. मग तळाला नुसता इक्बालचा धोंडा राहिला. तोही मी उचलला नाही.